न काढलेला दोर

साऊवहिनींच्या घरच्या लग्नात ताम न्हुअन जेवायला बसला, तेव्हा त्याच्या हातांना औषधाचा वास येत होता. साबण लावून झाला होता, वर लिंबाची साल चोळून झाली होती, तरी बोटांच्या बेचक्यांतून तो वास जात नव्हता. शेजारच्याला कळू नये म्हणून त्याने माशाच्या तिखट पाण्याची वाटी मुद्दाम आपल्याकडे ओढून घेतली.

नवरा-नवरी एकेका टेबलाशी येऊन वडीलधाऱ्यांना पेला देत होते. नवरी लुआ सायगावच्या शिवणकारखान्यात काम केलेली, बारीक अंगाची, हसताना तोंडावर हात धरणारी मुलगी. तामसमोर येऊन तिने दोन्ही हातांनी पेला पुढे केला. "काका, घ्या."

"सुखी राहा," ताम म्हणाला. "तुझ्या पायानं या घराची भरभराट होऊ दे."

साऊवहिनी मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजींच्या तोंडात साखर पडो." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मरळ माशाचा मधला तुकडा त्याच्या वाडग्यात घातला.

तो तुकडा तामने खाल्ला. खाणं अवघड होतं, पण न खाता उठणं त्याहून अवघड होतं.

लाय वुंगच्या त्या कालव्यावर ताम नावाची माणसं पुष्कळ. कितवं अपत्य यावरूनच तिकडे माणसाला हाक मारतात, त्यामुळे चार घरांमागे एक ताम, एक साऊ, एक नाम निघतोच. न्हुअनला मात्र सगळे 'मुंग्यांचा ताम' म्हणत. कोणी हसून म्हणे, कोणी आदराने. त्याला दोन्ही चालत असे.

संत्र्याच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या त्या पिवळ्या मुंग्या. चावल्या की डोळ्यांत पाणी आणतात. पण त्या जिथे नांदतात तिथे हिरव्या ढेकणांना फळात सोंड खुपसता येत नाही, कोवळ्या पानांवर अळी ठरत नाही. तामचा बाप म्हणायचा, "बागेला कुत्रं नको की कुंपण नको. मुंग्या असल्या की चोरसुद्धा खालूनच नमस्कार करून जातो." बापाने त्याला शाळेत फार दिवस ठेवलं नाही, पण पानांच्या घराकडे बघून आत राणी आहे की नुसत्या कामकरी आहेत, ते ओळखायला शिकवलं. हाताला राख फासून घर कसं उतरवायचं ते शिकवलं. आणि एक गोष्ट बजावून सांगितली: दोन राण्यांची प्रजा एका झाडावर आणायची नाही. शेवटची मुंगी पडेपर्यंत त्या लढतात.

ताम तरुण होता तेव्हा बाटलीतली औषधं आली आणि पाहता पाहता सगळ्या कालव्यावरच्या मुंग्या संपल्या. बापाच्या झाडांवर सुकलेल्या पानांचे गोळे तेवढे लोंबत राहिले. बाप गेला तो त्याच साली. लोक म्हणाले पोटाच्या दुखण्याने गेला, तामला तसं कधी वाटलं नाही. पुढे लग्न झालं, लियू घरात आली, आणि पलीकडच्या बागेतल्या साऊ थ्वायशी, म्हणजे साऊवहिनींच्या नवऱ्याशी, मैत्री जमली. एका वर्षी ढेकणांनी सगळी फळं गाळून टाकली. मग दोघे होडी घेऊन नदीकाठच्या झाडीत गेले आणि राणीसकट एक अख्खं घराणं पोत्यांत भरून घेऊन आले. येताना दोघांचे कान सुजून वड्याएवढे झाले होते. थ्वाय म्हणाला, "बायको ओळखायची नाही बघ मला." ताम म्हणाला, "बरंच आहे की. आज तरी प्रेमानं वाढेल."

राणीचं घर तामच्या बांधावरच्या जुन्या झाडाला मानवलं. थ्वायच्या बागेला मुंग्या मिळाव्यात म्हणून दोघांनी मधल्या चरावर या झाडापासून त्या झाडापर्यंत एक काथ्याचा दोर बांधला. तेव्हापासून दोन्ही बागा एका राणीच्या राज्यात आल्या. दोर सैल झाला की ज्याच्या नजरेला पडेल त्याने ओढून घ्यायचा, असं ठरलं होतं.

पुढे बघून बघून इतरांनीही मुंग्या आणल्या, दोर बांधले. दोराबरोबर रीतही आली. मुंग्यांना न आवरणारी कीड असतेच, लाल कोळ्यासारखी. तिच्यासाठी कधीतरी फवारावं लागतं. त्याला कोणाची ना नाही. पण फवारायचं तर आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या झाडाला माशांची आतडी टांगायची. मुंग्या तिकडे लोटतात. सकाळी दोर काढायचा, आणि मगच पंप पाठीला लावायचा. राणीच्या झाडाला तर हातही लावायचा नाही. औषधाचा जोर ओसरला की दोर पुन्हा बांधायचा. दोर काढलेला दिसला की साऱ्या कालव्याला कळतं, आज अमक्याकडे औषध आहे.

आणि ताम न्हुअनचं सगळं घोडं इथेच अडलं.

कारण ताम कोणालाच सोडत नसे. कोणाचा दोर काढलेला दिसला की होडी मुद्दाम त्याच्या घाटाला लावून विचारायचा, "काय नामदादा, मुंग्यांना सुट्टी दिलीत वाटतं?" नाम केतने एका वर्षी दोनदा फवारलं, तर चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "याच्या बागेतलं फळ खाऊ नका रे. आधी याच्या सासूला द्या." सगळे हसले. केतही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. लियू घरी म्हणाली, "तुमची जीभ एक दिवस तुम्हालाच चावेल." ताम म्हणाला, "मुंग्या चावून चावून माझी कातडी निबर झालीय."

लग्नाच्या त्या वर्षी पावसाने मध्येच ओढ दिली आणि तामच्या फळांवर कोळ्याचा तांबूस खरवडा चढला. व्यापारीण बाग बघायला आली, फळ हातात फिरवलं, परत फांदीला नीट टेकवलं आणि म्हणाली, "तेतला, नव्या वर्षाच्या सणाला, देवापुढे मांडायचं फळ आहे, तामदादा. असं खरजेलं कोण घेईल? बाजूच्या साऊवहिनींचं बघा, आरशासारखं आहे." ताम हसून म्हणाला, "पाऊस आला की धुऊन निघेल." धुऊन निघत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

तो बाजारातल्या दुकानात गेला. तिथला पोरगेला माणूस म्हणाला, "हे घ्या. मुंग्यांना पत्ताही लागणार नाही." असं म्हणणाऱ्यावर तामने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला, कारण ठेवायचा होता.

आठव्या महिन्यात साऊवहिनींच्या मुलाचं, त्वानचं लग्न होतं. थ्वाय जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनींनी एकटीने बाग आणि मुलगा दोन्ही वाढवलं. लग्नाच्या दिवशी सकाळी सगळा कालवा होड्यांत बसून नवरी आणायला जाणार होता. तामने लियूला सांगितलं, "तू हो पुढे. माझं पोट बिघडलंय. दुपारी जेवायला येतोच."

होड्या वळणाआड गेल्या आणि त्याने पंप बाहेर काढला. आदल्या संध्याकाळी आतडी टांगली नव्हती. वहिनींच्या अंगणात पन्नास माणसं स्वयंपाकाला. त्यांच्यासमोर शेजारच्या झाडाला आतडी कशी टांगणार? तो दोरापाशी गेला. गाठीला हात घातला. मनात आलं, आता काढला आणि परत बांधायला उशीर झाला तर? लग्नघरातून सगळ्यांना सरळ हा बांधच दिसतो. नाम केत तर पेला हातात घेऊन उभ्या उभ्या बघेल. आणि म्हणेल, काय तामदादा.

त्याने गाठ सोडली नाही. राणीचं झाड तेवढं वगळलं, आणि बाकी सगळी बाग फवारून काढली. वरून सूर्य तापत होता, पानांवरून थेंब ओघळत होते, आणि दोरावरून वहिनींच्या झाडांवरच्या मुंग्या रोजच्यासारख्या रांगेने येत होत्या. ओल्या पानांवर पाय टाकत होत्या. कोणी परत फिरत होत्या, कोणी फिरत नव्हत्या. मुंगी आपल्या तोंडातला घास राणीच्या तोंडात घालते. तिचं झाड वगळून काय होणार, हे तामला कोणी सांगायला नको होतं.

त्यानंतर तो हात धुऊन जेवायला गेला.

*

चरातल्या पाण्यावर मेलेल्या मुंग्यांचा पिवळसर थर आला होता, तो तामने दुसऱ्या दिवशी टोपलीने काढून लांब कालव्यात सोडला. जुन्या झाडाच्या शेंड्यावरचं राणीचं घर आधी हिरवं, मग पिवळं, मग तपकिरी झालं. एरवी मुंग्या पानं वाळायच्या आत नवी शिवतात. आता शिवायला कोणी उरलं नव्हतं. त्याने घर काढून उकललं. आत राणी अंगाचं मुटकुळं करून पडली होती. केळीच्या पानात गुंडाळून त्याने ती झाडाखाली पुरली, आणि आपण हे कशासाठी करतोय हे त्याचं त्यालाच कळेना.

वहिनींच्या झाडांवर ज्या राहिल्या होत्या त्या काही दिवस दिसल्या. पण राणी नाही तर अंडी नाहीत. जुन्या मरत गेल्या तशी रांग विरळ झाली. दहावा महिना लागला तेव्हा हिरवे ढेकूण वहिनींच्या आरशासारख्या फळांवर निवांत बसलेले दिसू लागले. सकाळी वाफ्यात गळलेली फळं पडू लागली.

एक दिवस वहिनी स्वतःच बांधावर आल्या. डोक्याला चौकड्याचा पंचा, हातात गळलेलं फळ.

"भाऊजी, एक विचारू? तुमच्याकडेही नाहीत ना मुंग्या?"

"नाहीत, वहिनी."

"मला वाटलंच." त्या बांधावर बसल्या. "तुमची माफी मागायला आले."

ताम गडबडला. "माझी? ती कशाला?"

"आमच्या घरच्या पायगुणानं तुमचीही बाग बसली. दोर एक, राणी एक. ज्या दिवशी ती पोर घरात आली त्या दिवसापासून मुंग्या उतरल्या. मी दिवस मोजलेत. लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वतः मुंग्यांना खायला आतडी घालून आले होते, झाड नुसतं फुललं होतं मुंग्यांनी. आणि लग्नानंतर बघते तर हे. पांढऱ्या पायाची आणली मी, भाऊजी."

"असं म्हणू नये, वहिनी."

"कसं म्हणू मग? तुम्ही जाणते आहात, तुम्ही सांगा. मुंग्या काय उगाच घर सोडतात?"

आता सांगावं. तामच्या मनात हे आलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "कधी कधी... हवामानानं होतं."

"तीस वर्षांत झालं नाही ते याच वर्षी होतंय," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. जाताना त्यांनी सैल झालेला दोर नजरेला पडला म्हणून ओढून घट्ट केला.

मग साऱ्या कालव्यावर तेच झालं. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका लुआ आली की बोलायच्या थांबत. कोणी म्हणे, शहरातली पोर, अंगाला अत्तर लावते, मुंग्यांना सोसलं नसेल. कोणी म्हणे, नाही गं, जन्मवेळच वाईट असेल. वहिनी घरात भांडत नव्हत्या; त्याहून वाईट, त्या तिला बागेत पाऊल टाकू देत नव्हत्या. एकदा ताम होडीतून चालला होता, तेव्हा लुआ घाटावर मासा साफ करत बसलेली दिसली. तिने हाक मारली, "काका, एक सांगाल का? मुंग्यांना काय आवडतं? मी काय केलं तर परत येतील?"

"आतडी," ताम म्हणाला. "माशाची आतडी."

"ती मी रोज टांगते. आई बाजारात गेल्या की. कोणीच येत नाही."

ताम वल्हं मारून पुढे गेला. त्याला मागे वळून बघवलं नाही.

लियूला सगळं माहीत होतं. तिने ते कधी उघड काढलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना आंबट रस्सा वाढता वाढता म्हणाली, "लग्नाच्या दिवशीचा तुमचा सदरा मी तीनदा धुतला."

ताम भात कालवत राहिला.

"वास गेला नाही म्हणून फाडून फडकी केली. चुलीपाशी ठेवलीत."

"कोणाला बोललीस?"

"मी का बोलू? पाप तुमचं, तोंडही तुमचंच." मग रश्श्याची पळी खाली ठेवून म्हणाली, "ती पोर वाळत चाललीय हो. काल मला विचारत होती, काकू, माझे पाय खरंच वाईट आहेत का. मी म्हटलं, बाई, पाय बघून कोणी सांगतं का. त्यावर ती रडली. मी पण रडले. तुम्ही तेवढे जेवा."

*

सांगण्यापेक्षा भरून देणं सोपं, असं तामला वाटलं. चुकलेला माणूस आधी तीच वाट धरतो.

त्याने होडी काढली आणि नदीकाठच्या झाडीत गेला. सोबत कोणी नव्हतं. थ्वाय असता तर दोन हात जास्त झाले असते. दोन-तीन फेऱ्यांनंतर एका झाडाच्या शेंड्याला त्याला हवं तसं दाट, घट्ट शिवलेलं घर दिसलं. भोवतीच्या मुंग्या अशा अंगावर धावल्या की आत राणी आहे हे नक्की झालं. त्याने ते आणि आजूबाजूची त्याच घराण्याची घरं पोत्यांत उतरवली. मान, कान, पापण्या सुजून गेल्या. ते दुखणं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटली.

पोती वहिनींच्या बागेत टांगली तेव्हा वहिनींनी हात जोडले. "भाऊजी, स्वतःची बाग उघडी ठेवून आधी माझ्याकडे आणलंत. हे असते तर म्हणाले असते, सख्खा भाऊ करणार नाही इतकं." त्यांनी त्याच्या सुजलेल्या मानेला चुना लावला. आत स्वयंपाकघराच्या दारात लुआ उभी होती. ती इतकी आनंदली होती की तोंडावर हात धरायला विसरली.

तामने घाई केली होती. जुन्या सगळ्या मेल्या असं तो धरून चालला. कुठल्या झाडावर अजून शिल्लक आहेत हे वहिनींना विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, भाऊजी, तुम्हाला कसं माहीत की बाकीच्या मेल्या? म्हणून विचारलं नाही. मागच्या ओळीतल्या दाट झाडांत जुन्या राणीच्या काही मुंग्या तग धरून होत्या. बापाने बजावलेलं आणि तामने दुसऱ्यांना शंभरदा सांगितलेलं तेच घडलं. नव्या मुंग्या तिथवर पोचल्या आणि जुंपली. दोन दिवसांत वाफ्यांवर तुटलेल्या पायांचा, डोक्यांचा भुसा पडला. त्या धुमाळीत नवी राणी तिच्याच घरातून खाली पडली आणि चरात बुडाली.

वहिनींना ती चरात तरंगताना दिसली. त्या घरात गेल्या आणि पूर्वजांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. मग त्वानला बोलावून म्हणाल्या, "आणलेल्यासुद्धा एकमेकींना खाताहेत. आता माझा धीर संपला. तेत होईपर्यंत हिला माहेरी ठेवून ये. पुढचं पुढे बघू."

त्वान रेतीच्या बोटीवर कामाला. महिन्यातून चार दिवस घरी. तो मान खाली घालून म्हणाला, "आई, मुंग्यांपायी?"

"मुंग्यांपायी नाही. घरापायी."

'पुढचं पुढे बघू' याचा अर्थ त्या कालव्यावर सगळ्यांना कळतो. तेतच्या आधी माहेरी धाडलेली सून परत आणायला सहसा कोणी जात नाही.

ही बातमी लियूने आणली. चुलीपाशी वाकून तिने त्या सदऱ्याचं एक फडकं उचललं, तामच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नाक पुसा. आणि जा."

सकाळचं ऊन घाटाच्या पायऱ्यांवर आलं होतं. त्वान होडीचं यंत्र चालू करायच्या खटपटीत होता. लुआ होडीत बसली होती, मांडीवर पिशवी. वहिनी पायरीवर उभ्या होत्या, आणि तिच्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या काठावर दोन बायका कपडे धुण्याचं निमित्त करून बसल्या होत्या.

ताम बांधावरून आला तो धापा टाकतच. "त्वान, थांब जरा."

"काय काका?"

"वहिनी, मुंग्या मी मारल्या."

वहिनींना वाटलं तो नव्या मुंग्यांबद्दल बोलतोय. "तुमचा काय दोष, भाऊजी? तुम्ही चांगल्याच मनानं आणल्या."

"या नाही. आधीच्या. लग्नाच्या दिवशी तुम्ही सगळे नवरी आणायला गेलात, तेव्हा मी फवारलं. दोर काढला नाही. आतडी टांगली नाहीत. राणी त्याच आठवड्यात गेली. मी ती पुरली." तो थांबला, पण आता थांबून चालणार नव्हतं. "लोक हसतील म्हणून दोर काढला नाही. दुसरं काही कारण नाही."

त्वानने यंत्राची दोरी हातातून सोडली. समोरच्या काठावरचं धोपटणंही बंद झालं.

"लग्नाच्या दिवशी," वहिनी हळू म्हणाल्या. "आणि जेवायला आलात."

"आलो."

"मी तुम्हाला मधला तुकडा वाढला."

"हो."

"मी बांधावर येऊन तुमची माफी मागितली, भाऊजी. तेव्हा तुम्ही हवामान म्हणालात."

वहिनींनी पंचा डोक्यावरून काढला, उगाच झटकला, पुन्हा बांधला. मग होडीकडे न बघताच म्हणाल्या, "लुआ, उतर. आत जा, भात लाव. उशीर होतोय."

लुआ हलली नाही. तिचा आवाज इतका शांत होता की तामने मान वर केली. "आई, मी माहेरी जाऊन येते. तुम्ही पाठवताय म्हणून नाही. मला माझ्या आईला बघायचंय." मग ती तामकडे वळली. "काका, मी घाटावर विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही आतडी म्हणालात. मी त्यानंतर रोज टांगत राहिले."

"माझं चुकलं, पोरी."

"ते कळलं मला. पण आता मी परत येईन तेव्हा या बायका कुणीकडे बघतील? तुमच्याकडे की माझ्या पायांकडे?"

त्वानने आईकडे पाहिलं. मग त्याने यंत्र चालू केलं आणि होडी वळणाकडे गेली. लुआने मागे पाहिलं नाही.

होडीचा आवाज विरल्यावर वहिनी पायरीवर बसल्या. "झाडांचं सोडा," त्या म्हणाल्या. "झाडांवर मुंग्या पुन्हा येतील, तुम्ही नाही तर दुसरा कोणी आणेल. पण मी दोन महिने कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगत सुटले. एकही घर सोडलं नाही. ते मी परत कसं गोळा करू?"

"मी जातो, वहिनी. घरोघर."

"जा," त्या म्हणाल्या. "आणि माझं नाव घेऊ नका. मी फसले असं म्हणू नका. तिचं नाव घ्या. तिचा काही दोष नव्हता एवढंच सांगा, आणि दोर कोणी काढला नाही ते सांगा."

ताम होडीत बसला. सगळ्यांत जवळचं घर टाळता आलं असतं, पण एकदा टाळलं की दुसरंही टाळलं जातं हे आता त्याला कळलं होतं. ते नाम केतचं घर होतं.

केत ओसरीवर चहा घेत बसला होता. तामने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. केतने ऐकून घेतलं, आणि दुसरा पेला काढून त्यात चहा ओतला.

"कुठलं औषध मारलंस?"

तामने नाव सांगितलं.

"छे. मी तर कधी तेवढं जहाल वापरलं नाही." केत हसला नाही. हसला असता तर तामला बरं वाटलं असतं. "माझ्या सासूला फळ द्या म्हणाला होतास टपरीवर. ती ऐकत होती, माहीत आहे? पलीकडे पान घेत बसली होती. त्यानंतर तिनं माझ्या बागेतलं एक फळ तोंडात घातलं नाही."

"तिला पण सांगतो."

"तिला सांगून काय उपयोग? ती गेली तिसऱ्या महिन्यात." केतने पेला त्याच्याकडे सरकवला. "घे. लुआचं मी माझ्या बायकोला सांगतो. तुझं तू बाकीच्यांना सांग."

ताम चहा प्यायला. उतरून होडीत बसला. पुढचा घाट बा होन नावाच्या म्हाताऱ्या बाईचा. ती पायरीवर भाजी निवडत होती आणि त्याची होडी दिसताच तिने सुरी खाली ठेवली. पाण्यावरून बातमी होडीच्या आधी पोचते.

"ये, ताम," ती म्हणाली. "ऐकलंय मी सगळं. तरी तू सांग."

त्याने होडी लावली आणि सांगायला सुरुवात केली.